रत्नाच्या घरून रिकामा डबा जात नाही

ज्यांना अमेरिका बघायची आहे त्यांनी हे वाचू नये. आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी मंडळीच्या मासिकासाठी चार पानं लिहून मागितली, तेव्हा त्यांना वाटलं असेल की मी धबधबे बघून आले, उंच इमारती बघून आले. मी तीन महिन्यांत पाहिलं ते एवढंच: एक स्वयंपाकघर, हॉस्पिटलचा तिसरा मजला, एक इंडियन स्टोअर आणि एक तळं. तळ्यात कासवं होती. कासवं चांगली होती.

मी गेले ती रत्नासाठी. रत्नमाला आणि मी नेवाशाकडच्या एकाच गावातल्या, एकाच शब्बाथ शाळेतल्या. आई अंथरुणाला खिळली आणि मागे तीन भावंडं, म्हणून मी सातवीत शाळा सोडली. रत्ना पुढे शिकली. पण पुढची दोन वर्षं ती रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर यायची आणि त्या दिवशीचा धडा मला म्हणून दाखवायची. माझं चुकलं की गुरुजींपेक्षा जोरात चापट. आज माझ्या हातून हे जे काही उतरतंय, ते त्या चापटांचं पुण्य. ती नर्स झाली, आधी आखातात गेली, मग टेक्सासमध्ये शुगर लँड नावाच्या गावी. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं भाकऱ्या थापल्या.

तीन वर्षांमागे तिचा नवरा जॉन वारला. यंदा तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग औषधाची सहा सलाईनं द्यायची ठरली. चार झाली. पाचव्याची तारीख तिने स्वतःच कॅन्सल केली.

तिचा मुलगा डॅनी तिकडेच जन्मलेला, दूर कॅरी नावाच्या गावी नोकरीला. त्याचा मला फोन आला. "मावशी, शी इज नॉट लिसनिंग. डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत परत सुरू केलं तर ओके. नाही तर... आय डोन्ट नो. तू ये. तिला फक्त तूच समजावू शकतेस."

व्हिसा माझ्याकडे होता. रत्नाच्या नवऱ्याच्या मयताला जायचं म्हणून अर्ज केला होता, तो मयत होऊन वर्ष लोटल्यावर मिळाला. सरकारचा वेळ सरकारचा. डॅनीने तिकीट धाडलं आणि मी निघाले.

ह्यूस्टनचा विमानतळ

विमानात मी झोपले नाही. मी झोपले तर विमान कोण सांभाळणार, अशी माझी काळजी. माझं नाव मार्था. बायबलमधली मार्था पुष्कळ गोष्टींची काळजी करायची म्हणून तिला प्रभूची बोलणी बसली. आईने नाव ठेवताना ती गोष्ट पुरती ऐकली नसावी.

उतरल्यावर पासपोर्टच्या खिडकीतल्या साहेबाने विचारलं, कोणाकडे? मी पाठ केलेलं बोलले, "माय फ्रेंड. सिक." त्याने मान वर केली. "जस्ट अ फ्रेंड?" मैत्रिणीच्या आधी 'फक्त' लावायची आमच्याकडे पद्धत नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते येईना. भीतीने "येस सर" म्हटलं आणि पुढे आठ दिवस ते मनाला लागून राहिलं.

डॅनी न्यायला आला होता. सहा फूट, दाढी, आणि पाया पडायला वाकला तो माझ्या पिशवीवरच. "मावशी, यात काय आहे? दगड?" म्हटलं, "बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आमसुलं." तो म्हणाला, "मावशी, इथे सगळं मिळतं." सगळं मिळतं, हे मला नंतर कळलं. आमसुलं मात्र आमच्या वाण्याकडची नव्हती.

शुगर लँड

गावाच्या नावात साखर म्हटल्यावर मी गाडीची काच खाली केली. आमच्याकडे कारखाना असला की चार मैलांवरून मळीचा वास येतो. इथे नुसती वाफ आत आली. डॅनी म्हणाला, कारखाना होता पूर्वी, आता नाही. सपाट जमीन, भलं मोठं आभाळ, रस्ते इतके रुंद की पलीकडे जायचं तर शिदोरी घ्यावी. घरं सारखी, अंगणं सारखी कापलेली, आणि माणूस म्हणून दिसत नाही. मला वाटलं, गावात काही झालंय का. डॅनी म्हणाला, नाही, ऊन आहे, सगळे आत एसीत आहेत.

रत्ना दारात उभी होती. डोक्याला रुमाल, भुवया गेलेल्या, गाऊन खांद्यावरून ओघळलेला. मी रडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आलीस? जाड झालीस."

आता मी काय करायचं होतं? पाणी प्यायचं, हातपाय धुवायचे. ते सोडून मी तिथेच, दारात, सुरू झाले. बायबलमधला तो लुळा होता ना, त्याचे चार मित्र, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून त्यांनी घराचं छप्पर उघडलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं, प्रभूच्या पुढ्यात. "मैत्री ती अशी, रत्ने. मी पण तुला तशीच उचलून नेणार. पाचवं सलाईन..."

"त्या लुळ्याला कोणी विचारलं होतं का," रत्ना म्हणाली, "की बाबा, तुला छपरातून खाली लोंबकळायचंय का?"

मी तोंड मिटलं. अडीच मिनिटं. मग चहाच्या वेळी परत बोलले, जेवताना बोलले, दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत डोळे मिटून देवाला सांगितल्यासारखं करून तिलाच सुनावलं. डॅनी परत कॅरीला गेला. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहून नवरा गेल्यावर मी कशी सावरले ते सांगत होते, तेव्हा ती उठून बसली.

"मार्थे, ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र आले. आले ते सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्द नाही. त्या मित्रांनी आयुष्यात केलेलं शहाणपण तेवढंच. पुढे तोंड उघडलं आणि देवाला येऊन त्यांना गप्प करावं लागलं. तू तर विमानातून उतरायच्या आधीच आठवा दिवस सुरू केलास."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी बाहेर येऊन सिंकपाशी रडले. खोटं का सांगू, मला राग आला होता. इतके समुद्र ओलांडून आले आणि मला गप्प बस म्हणते? पण मग आठवलं, माझा नवरा गेला तेव्हा ती रजा काढून गावी आली होती. दहा दिवस होती. ती तेव्हा काय बोलली ते आठवायला गेले तर काहीच आठवेना. ती शेंगा सोलत बसायची, एवढंच आठवलं.

मी ठरवलं: रत्नाशी सात दिवस बोलायचं नाही. एक शब्द नाही. महिना संपायला तेव्हा सोळा दिवस होते. सोळातून सात गेले की नऊ उरतात, एवढं गणित सातवीपर्यंत झालं होतं.

दाराबाहेरचा खोका

मी गप्प बसले की माझे हात सुरू होतात.

रत्नाच्या चर्चमधल्या बायकांनी फोनवर एक यादी केली होती. ज्याने त्याने आपला वार लिहायचा आणि त्या दिवशी आजाऱ्याच्या घरी जेवण पोचवायचं. किती चांगली पद्धत. पण पोचवायची रीत ऐका. दाराबाहेर एक बर्फाचा खोका ठेवलेला. बाई गाडीतून येणार, खोक्यात जेवण ठेवणार, फोनवर निरोप टाकणार आणि बेल न वाजवता निघून जाणार. आजाऱ्याला त्रास नको म्हणून. आमच्याकडे असं दारात काही ठेवून कोणी पळालं, तर आम्ही आधी लिंबू-मिरची शोधू.

पहिल्यांदा लिंडा आली. साठीची, गोरी, लांब हातांची, चर्चमध्ये रत्नाच्या बाकावर बसणारी. मी खिडकीतून पाहिलं: काचेचं भांडं ठेवलं आणि चालली. चहा नाही, पाणी नाही! मी तशीच धावले, अनवाणी. "सिस्टर! सिस्टर! टी!" टेक्सासचं काँक्रीट दुपारी दोन वाजता कसं असतं ते मला माहीत नव्हतं. तव्यावरच्या भाकरीला काय वाटत असेल ते मला तिथे कळलं. लिंडाची गाडी वळली, मी एका पायावर, आणि मागे दार आपोआप बंद.

तेवढ्यात दारावरच्या बेलमधून आवाज आला, "मावशी? मावशी, व्हाय आर यू डान्सिंग?"

बेलमध्ये कॅमेरा असतो. कॅरीत ऑफिसात बसून डॅनीने मला उड्या मारताना पाहिलं होतं. शेवटी त्यानेच कुठलंसं बटण दाबून दार उघडलं. हजार मैलांवरून. मी बेलला हात जोडले.

दुसरी यायची ती सुनंदाताई. चार घरं पलीकडे राहणारी, नागपूरची. चर्चची नव्हे, पण यादीत आपलं नाव घुसवलेली. ती खोका-बिका मानत नव्हती, सरळ आत यायची. "अहो ताई, काहून त्या उन्हात पळून राहिल्या होत्या? मी खिडकीतून पाहिलं नं. बर्फ लावा पायाला." स्टीलच्या डब्यात तिने वरण-भात आणला होता.

आता डबा आला. डबा परत करायचा. रिकामा कसा करणार? मी घासला, पुसला आणि त्यात आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी घालून दिला. सुनंदाताई पण आपल्याच मुलखातली. तिलाही तो रिकामा ठेववेना. दुसऱ्या दिवशी तोच डबा पाटोडी रस्सा घेऊन हजर. मी त्यात थालीपिठं घातली. तिने चिवडा. मी धपाटे. त्या डब्याला आठवडाभर बूड टेकायला मिळालं नाही.

लिंडाचं काचेचं भांडंही मी भरून, तिच्या खोक्याच्याच रीतीने, बाहेर ठेवलं. डॅनीने धाडलेला निरोप लिंडाने वाचला, आली, घेऊन गेली. तीन दिवसांनी टपालाने पाकीट आलं. मला वाटलं सरकारी नोटीस, मला परत पाठवतायत. आत फुलांचं कार्ड: थालीपिठाबद्दल आभार. समोरासमोर यायचं नाही, पण कार्ड टपालाने. मग दुसऱ्या बायकांचे ॲल्युमिनियमचे ट्रे येऊ लागले, ते वापरून टाकून द्यायचे असतात. मी तेही घासले. भरले. परत केले.

रत्ना या सगळ्यात खोलीतच. ताट आत जायचं, तसंच बाहेर यायचं. म्हणायची, सगळ्याला लोखंडाची चव येते. मी तिच्या पलंगाशी जमिनीवर बसायचे आणि गप्प राहायचे. खरं सांगते, भाकऱ्या थापण्यापेक्षा ते जड होतं. पाचव्या दिवशी ती भिंतीकडून वळली आणि म्हणाली, "बरी आहेस ना?" मी मान हलवली. "ताप-बिप?" मी मान हलवली. "मग बोलत का नाहीस, भीती वाटते मला." मी सात बोटं दाखवली. तिला कळलं. ती परत भिंतीकडे वळली, पण खांदे हलत होते. रडते की हसते ते मला विचारता येईना.

सातवा दिवस

लिंडाचा रत्नाला फोन आला. आमचं जेवण तुम्हाला आवडत नाही का, असं तिने फार हळू, फार सांभाळून विचारलं म्हणे. कारण यादीतल्या आठ घरांत रत्नाकडून जेवण पोचलं होतं, आणि दोन घरांनी आभार म्हणून पुन्हा जेवण पाठवलं होतं, आणि फ्रिजमध्ये जागा नव्हती.

रत्ना स्वयंपाकघरात आली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

"काय लावलंयस हे? लोक मदत करतायत आणि तू बाजार मांडलायस? आजारी आहे मी. घ्यायचं असतं आजाऱ्याने! इथे कोणी परत देत नाही."

सात दिवस पुरे व्हायला संध्याकाळ बाकी होती. पण विचारलेल्याला उत्तर न देणं हे पण पाप. मी म्हटलं, "मग रिकामं भांडं जाऊ देऊ? रिकामा डबा मयताच्या घरून जातो, रत्ने. तू मेलीयेस का?"

बोलले आणि माझाच हात माझ्या तोंडावर गेला.

रत्ना ओट्याला धरून उभी राहिली. आमच्या गावी मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे डबे येतात, आणि त्या घरून ते डबे तसेच, धुऊन, रिकामे परत जातात. हे तिलाही माहीत होतं. इतकी वर्षं परदेशात राहून ते विसरत नाही.

"चार महिने," ती म्हणाली, "चार महिने नुसते डबे येतायत. मला वाटायचं, जॉनचे दिवस अजून चालूच आहेत. आणि आता माझेही." मग म्हणाली, "तीस वर्षं मी लोकांना सलाईन लावलं, मार्थे. मला नुसतं पडून घेता येत नाही. लाज वाटते."

गॅसवर आमसुलाचं सार होतं, ते वाटीत घालून तिच्यापुढे ठेवलं, दुसरं काय करणार.

तिने एक घोट घेतला. कपाळाला आठी.

"मीठ कमी आहे."

मी म्हटलं, "काय?"

"बहिरी झालीस? मीठ कमी आहे. तीस वर्षं स्वयंपाक करून साराला मीठ घालता येत नाही?"

चार महिने तिला फक्त लोखंड लागत होतं. मी बरणी आणायला वळले ती डोळे पुसायलाही वळले. तिने अख्खी वाटी संपवली, वर मला तीन चुका सांगितल्या, आणि सुनंदाताईंचा डबा पुढे ओढला. "यात काय घालणार होतीस? चटणी? परत? बायका हसतील. सरक."

रव्याचे लाडू तिने खुर्चीवर बसून वळले. अकरा झाले. पाक जरा पुढे गेला होता, पण मी बोलले नाही. मला आता गप्प बसायची सवय झाली होती. मग तिने रुमाल नीट बांधला आणि म्हणाली, "चल. मी देते."

चार घरं. तिथे पोचायला आम्हाला पाव तास लागला. दोनदा ती दुसऱ्याच्या हिरवळीवर बसली. मालक बाहेर आले तर काय, या भीतीने मी "सॉरी, सॉरी" म्हणत उभी. सुनंदाताईंनी दार उघडलं, रत्नाला पाहिलं. डबा हातात घेतला. झाकण उघडून पाहिलं. "लाडू? अरे देवा, आता मी यात काय घालू?"

रत्ना हसली. मोठ्याने, पूर्वीसारखी, दात दिसेस्तोवर.

परत आल्यावर तिने माझ्याकडे न बघता हॉस्पिटलला फोन लावला. तिच्या इंग्रजीतलं मला एकच कळलं: गुरुवार. मग डॅनीला लावला. तो म्हणाला, "मावशीने काय सांगितलं तुला?" रत्ना म्हणाली, "तिने? काही नाही. सात दिवस तोंड उघडलं नाही. उघडलं ते एकदाच, आणि मला मेलीस का म्हणाली."

"व्हॉट?" डॅनी ओरडला.

तिसरा मजला

सहावं सलाईनही मी असतानाच झालं. पुढे काय, ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. तीन-तीन महिन्यांनी तपासायचं म्हणतात. परवाच्या फोनवर रत्ना माझ्या बोलण्यात चुका काढत होती, त्यावरून ठीक असावी. पण मला सांगायचं आहे ते पाचव्याचं.

लिंडाने गाडी चालवली. खाली थांबते म्हणाली, कारण आत एकाच माणसाला परवानगी होती. मोठी खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत एक माणूस आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टांगलेली सलाईनची पिशवी. रत्ना बसली. सुई लावताना तिने नर्सकडे असं पाहिलं, जसं मी दुसऱ्याच्या हातच्या भाकरीकडे पाहते. मग डोळे मिटले. मी शेजारच्या स्टुलावर. थेंब पडत होते. मी ते मोजत नव्हते, एवढं तरी माझ्या नावावर लिहा.

तिथे थंडी फार. बाहेर माणूस भाजतोय आणि आत दात वाजतात. मी पदर अंगाभोवती घट्ट ओढला. तर ती नर्स, काळी, उंच, माझ्या लेकीच्या वयाची, दोन पांघरुणं घेऊन आली. त्यांच्याकडे एक कपाट असतं, त्यात पांघरुणं तापवून ठेवतात. एक रत्नावर घातलं. दुसरं घेऊन माझ्याकडे आली.

मी उठूनच उभी राहिले. "नो, नो. आय नॉट पेशंट."

"आय नो, हनी," ती म्हणाली. "यू आर कोल्ड."

माझा हात पिशवीत गेला. काहीतरी असेल, चिक्कीचा तुकडा, चिवड्याची पुडी, काहीही. एवढं कोणी देतंय आणि आपल्याकडून...

"मार्थे," रत्ना डोळे न उघडता म्हणाली, "पिशवीतला हात बाहेर काढ."

काढला.

"बस. आणि घे."

नर्सने ते माझ्या खांद्यावरून गुडघ्यांपर्यंत ओढलं आणि कडा नीट खोचल्या, मूल झोपवतात तशा. माझ्या अंगावर दुसऱ्या कोणी पांघरूण घातल्याला किती वर्षं झाली असतील, मला सांगता येणार नाही. मी थँक्यू म्हणाले की नाही तेही आठवत नाही. पांघरूण गरम होतं.